टेप मोठा, पण करंट येणार कुठून? ट्रॅक्टर आणि गाडीच्या चार्जिंगचा धडा



हिवाळ्याच्या तोंडावर साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की पलूस, कुंडल, भिलवडी, किर्लोस्करवाडी या पट्ट्यातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉली दिसायच्या आधी ट्रॅक्टरचा टेप ऐकू येतो. फडापासून कारखान्यापर्यंत खेपा करणाऱ्या आणि नंबराला तासन्‌तास थांबणाऱ्या ड्रायव्हरला गाण्याची सोबत हवीशी वाटते, यात नवल नाही. घरच्या कारमध्ये बेसचा मोठा बॉक्स बसवण्याची हौसही आता गावोगावी आहे.

या हौसेतूनच नववी-दहावीची पोरं प्रश्न घेऊन येतात. "हजार वॅटचा ॲम्प बसवला की बॅटरी का उतरते?" "मोठी बॅटरी टाकली की भागंल का?" "मोठा अल्टरनेटर लावला तर टेप जळंल का?" ही तिन्ही प्रश्नांची उत्तरं आपल्या पाठ्यपुस्तकात आहेत. नववीचा 'धाराविद्युत' आणि दहावीचा 'विद्युतधारेचे परिणाम' हे दोन धडे उघडून बसलं, तर गॅरेजमधला बराचसा गोंधळ वहीवर सुटतो.

हा विषय नुसत्या हौसेचा नाही. चुकीची वायर तापून गाडीला आग लागू शकते. बेसच्या ठोक्याबरोबर हेडलाइट मंद होत असतील, तर रात्री उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर ते जिवाशी येतं. म्हणून "टेप बसवू नको" एवढंच सांगून थांबण्यापेक्षा पोरांना हिशेब शिकवू या. पोरगं हिशेब शिकलं, की काय बसवायचं आणि काय नाही हे त्याचं त्यालाच कळतं.

विहीर, हौद आणि पाइप

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला, आणि पुढे तिथले पंप देशभर गेले. आपल्या भागातल्या शेतकऱ्याच्या पोराला मोटर, हौद आणि पाइप समजावून सांगावे लागत नाहीत. गाडीचं चार्जिंगही त्याच भाषेत सांगता येतं.

- अल्टरनेटर म्हणजे विहिरीवरची मोटर. इंजिन चालू असताना वीज इथे तयार होते.
- बॅटरी म्हणजे हौद. तो पाणी साठवतो, पण पाणी तयार करत नाही.
- वायर म्हणजे पाइप. बारीक पाइपातून जास्त पाणी ढकलायला गेलं की दाब वाटेतच मरतो.
- ॲम्प, दिवे, पंखा म्हणजे रानातली पिकं. ती जेवढं मागतील तेवढं पाणी ओढतात.

मोटर तासाला जेवढं पाणी देते त्यापेक्षा जास्त पाणी रान ओढत असेल, तर हौद रिकामा होणारच. हौद मोठा बांधला तर तो उशिरा रिकामा होईल, एवढाच फरक. हा सगळा लेख या एका गोष्टीभोवती फिरतो.

अल्टरनेटर आणि पुस्तकातलं जनित्र

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवलं. त्याच तत्त्वावर पुस्तकातलं जनित्र चालतं. तिथल्या आकृतीत चुंबक स्थिर आहे आणि कुंडल फिरतं. गाडीच्या अल्टरनेटरमध्ये नेमकं उलटं असतं. आत फिरणारा भाग हा विद्युतचुंबक असतो आणि वीज निर्माण होणारी कुंडलं बाहेरच्या कवचात स्थिर बसवलेली असतात. यामुळे मोठी धारा ब्रशमधून न्यावी लागत नाही. ब्रशमधून जाते ती फक्त चुंबकाला लागणारी थोडी धारा.

तयार होणारी धारा प्रत्यावर्ती असते, पण बॅटरीला दिष्ट धारा लागते. म्हणून आतच डायोड बसवलेले असतात. शिवाय एक रेग्युलेटर असतो. तो चुंबकाची धारा कमी-जास्त करून विभवांतर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान ठेवतो. जुने मिस्त्री या सगळ्यालाच 'डायनामो' म्हणतात. खरा डायनामो दिष्ट धारेचा असायचा, आणि स्लो इंजिनावर तो फारच कमी वीज द्यायचा.

अल्टरनेटरवर लिहिलेला अँपिअरचा आकडा भरपूर फेऱ्यांवरचा असतो. इंजिन स्लोवर असताना तो त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी देतो. ही गोष्ट पोरांच्या वहीत ठळक लिहून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर आहे.

एका ट्रॅक्टरचा हिशेब

उदाहरणासाठी ३६ अँपिअरचा अल्टरनेटर आणि ७५ अँपिअर-तासांची बॅटरी घेऊ. प्रत्यक्ष आकडे मॉडेलनुसार बदलतात, म्हणून आपल्या ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरवरची पट्टी आणि बॅटरीवरचं लेबल वाचा. सूत्र एकच आहे: शक्ती = विभवांतर × धारा. म्हणजेच धारा = शक्ती ÷ विभवांतर.

दिव्यांचा खर्च:

- दोन हेडलाइट, प्रत्येकी ५५ वॅट: ११० ÷ १३.५ = सुमारे ८ अँपिअर
- मागचे, बाजूचे आणि ट्रॉलीचे दिवे मिळून अंदाजे ७० वॅट: सुमारे ५ अँपिअर
- एकूण १३ अँपिअर

इंजिन जोरात चालू असताना ३६ मधून १३ गेले, २३ उरले. स्लोवर अल्टरनेटर १८ देत असेल, तर ५ उरले.

आता खरोखर ५०० वॅट आवाजाची शक्ती देणारा ॲम्प घ्या. जुन्या पद्धतीचा, म्हणजे एबी वर्गाचा ॲम्प ओढलेल्या विजेपैकी साधारण निम्म्याहून थोडी जास्त वीज स्पीकरला देतो, बाकीची उष्णता होते. ५०० वॅट बाहेर द्यायला तो सुमारे ९०० वॅट ओढतो. ९०० ÷ १३.५ = सुमारे ६७ अँपिअर. गाणं सतत पूर्ण जोरात नसतं, म्हणून बेसच्या गाण्याला सरासरी एकतृतीयांश धरू. तरी २२ अँपिअर झाले.

आता ताळा करा.

१. रस्त्यावर चालताना: उरलेले २३, लागणारे २२. जेमतेम बरोबरी. सेल्फ मारताना बॅटरीतून गेलेली वीज भरून काढायला काहीच शिल्लक नाही.

२. नंबराला स्लोवर उभं असताना: उरलेले ५, लागणारे २२. दर तासाला १७ अँपिअर-तास बॅटरीतून जातात. दोन तासांत ३४, म्हणजे ७५ ची जवळजवळ निम्मी बॅटरी.

३. इंजिन आणि दिवे बंद ठेवून गाणी लावली तर: २२ अँपिअरने पावणेदोन तासांच्या आत निम्मी बॅटरी संपते.

डिझेल ट्रॅक्टरच्या सेल्फला एका दमात दोनशे-तीनशे अँपिअर लागू शकतात. निम्म्यावर आलेली बॅटरी, त्यात पहाटेची थंडी. सेल्फ नुसता 'टक्' करतो आणि ट्रॅक्टर जागेवर. मग ढकलगाडी, नाहीतर दुसऱ्याच्या बॅटरीवरून जंप. ॲम्पला लाख शिव्या द्या, पण ही वजाबाकी आधीच कागदावर दिसत होती.

कारचा हिशेबही असाच मांडायचा. तिथे अल्टरनेटर मोठा असतो, पण खर्चही जास्त असतो: इंधनाचा पंप, इंजिनाचा संगणक, रेडिएटरचा पंखा, एसीचा ब्लोअर. हे सगळं आधी वजा करून जे उरेल ते टेपचं.

स्टिकरवरचे वॅट आणि खोक्यामागचा फ्यूज

बाजारात '२००० वॅट' असं सोनेरी अक्षरात लिहिलेला ॲम्प मिळतो. पोरांना सांगा, स्टिकर वाचू नका, फ्यूज वाचा. ॲम्पच्या मागे ३० अँपिअरचा एकच फ्यूज असेल, तर तो जास्तीत जास्त ३० × १४ = ४२० वॅट ओढू शकतो. जेवढं ओढलं त्यापेक्षा जास्त बाहेर देता येत नाही, हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आहे. मग २००० वॅट आले कुठून? तो आकडा क्षणिक 'पीक'चा, किंवा निव्वळ जाहिरातीचा. तुलना करायची ती आरएमएस वॅटची.

डी वर्गाचे ॲम्प ओढलेल्या विजेपैकी साधारण ८० टक्के स्पीकरला देतात. तेच ५०० वॅट द्यायला त्यांना ९०० ऐवजी सुमारे ६२५ वॅट पुरतात, म्हणजे ६७ च्या जागी ४६ अँपिअर. नुसता ॲम्पचा वर्ग बदलून २० अँपिअर वाचले. त्यासाठी अल्टरनेटरला हातही लावावा लागला नाही.

तीन गैरसमज

*"दुसरी बॅटरी जोडली की प्रश्न मिटला."* इंजिन बंद असताना गाणी जास्त वेळ वाजतील, हे खरं. पण इंजिन चालू झालं की दोन्ही हौद भरायची जबाबदारी त्याच मोटरवर. तूट तशीच राहते, दोन्ही बॅटऱ्या अर्धवट भरलेल्या राहतात आणि लवकर खराब होतात.

*"कपॅसिटर बसवला की लाइट मंद होणार नाहीत."* एक फॅरडचा कपॅसिटर १४ व्होल्टवरून १२ व्होल्टवर येताना किती ऊर्जा देतो ते काढू: ½ × १ × (१४² − १२²) = ½ × ५२ = २६ ज्यूल. ९०० वॅट ओढणाऱ्या ॲम्पला ती सुमारे ०.०३ सेकंद पुरते. एखादा ठोका सावरायला ठीक, पण मुळातली तूट त्याने भरत नाही.

*"मोठा अल्टरनेटर जास्त करंट सोडून टेप जाळतो."* नाही. विभवांतर रेग्युलेटर ठरवतो आणि धारा किती घ्यायची ते उपकरण ठरवतं. घरच्या बोर्डातून शेगडीही चालते आणि मोबाइलचा चार्जरही चालतो, चार्जर काही जळत नाही. रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज १५ च्या वर गेलं तर मात्र खरंच धोका आहे.

बारीक वायरची किंमत

कारमध्ये बॅटरी पुढे आणि ॲम्प डिकीत असतो. वायर सुमारे ५ मीटर लागते. तांब्याची रोधकता १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर धरून, ६० अँपिअर धारेसाठी आकडे असे येतात:

- २.५ चौरस मिमी वायर: रोध ०.०३४ ओहम, वाटेत मरणारे व्होल्ट २, उष्णता सुमारे १२० वॅट
- १० चौरस मिमी वायर: रोध ०.००८५ ओहम, वाटेत मरणारे व्होल्ट ०.५, उष्णता सुमारे ३० वॅट
- २५ चौरस मिमी वायर: रोध ०.००३४ ओहम, वाटेत मरणारे व्होल्ट ०.२, उष्णता सुमारे १२ वॅट

पहिली ओळ पुन्हा वाचा. जुन्या १०० वॅटच्या बल्बपेक्षा जास्त उष्णता त्या वायरीत, सीटच्या कापडाखाली तयार होते. ज्यूलच्या नियमात धारेचा वर्ग येतो. धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते, हे पोरांना इथे जितकं पटतं तितकं फळ्यावरच्या सूत्राने पटत नाही.

वायर घेताना वरचं प्लास्टिक किती जाड आहे ते बघू नका, आतलं तांबं किती आहे ते बघा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायर स्वस्त मिळते, पण तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दीडपट असतो.

आणि फ्यूज. ॲम्पमधला फ्यूज ॲम्पसाठी असतो. बॅटरीपासून निघणाऱ्या मुख्य वायरीला वेगळा फ्यूज हवा, आणि तोही बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत. वायर पत्र्याला घासून सोलली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते, आणि फ्यूज नसेल तर वायर हाच फ्यूज होतो. फ्यूजचा आकडा वायरीला झेपेल त्यापेक्षा मोठा नको. फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे तार गुंडाळणं म्हणजे आगीला आमंत्रण.

अपग्रेड करायचंच असेल तर क्रम कोणता?

बहुतेक जण खर्चिक वस्तूपासून सुरुवात करतात. उलट्या बाजूने जा.

१. आधी मोजा. साधा मल्टिमीटर घ्या. इंजिन बंद करून काही तासांनी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन चालू करून १३.८ ते १४.४ मिळायला हवेत. मग दिवे आणि टेप लावून पुन्हा बघा. आकडा १३ च्या खाली घसरून तिथेच राहिला, तर तूट आहे.

२. पट्टा आणि टोकं तपासा. सैल पट्टा घसरतो आणि चांगला अल्टरनेटरही कमी वीज देतो. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवट बुरशी साफ करा.

३. तीन मुख्य वायरी जाड करा. अल्टरनेटरपासून बॅटरीच्या अधिक टोकाला जाणारी, बॅटरीच्या उणे टोकापासून बॉडीला आणि इंजिनापासून बॉडीला जाणारी. अर्थिंगची जागा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळा. परतीचा रस्ता खराब असेल, तर जाण्याचा रस्ता कितीही चांगला असून उपयोग नाही.

४. ॲम्प आणि बॉक्स शहाणपणाने निवडा. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम फरक कळतो. तोच ३ डेसिबलचा फायदा जास्त संवेदनशील स्पीकर घेऊनही मिळतो, आणि त्याला एक अँपिअरही जादा लागत नाही.

५. तरी तूट राहिली तर अल्टरनेटर. त्याच ब्रॅकेटवर बसणारा, जास्त अँपिअरचा घ्या, आणि स्लोवर तो किती देतो हे विचारूनच घ्या. त्याच्याबरोबर चार्जिंगची वायर आणि तिचा फ्यूजही बदलावा लागतो.

६. दुसरी बॅटरी सगळ्यात शेवटी, आणि तीही इंजिन बंद असताना टेप वाजवायचाच असेल तर.

ही वीज फुकट मिळत नाही. अल्टरनेटरमधून ४० अँपिअर जादा काढायचे, तर १४ व्होल्टला ५६० वॅट होतात. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर इंजिनाला जवळजवळ १००० वॅट, म्हणजे सव्वा अश्वशक्तीहून जास्त द्यावी लागते. गाणं शेवटी डिझेलवरच वाजतं.

काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. गाडी नवी असेल तर वॉरंटी आणि विम्याच्या अटी आधी वाचा. हात लावण्यापूर्वी अंगठी आणि कडं काढून ठेवा आणि बॅटरीचं उणे टोक आधी सोडवा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जवळ ठिणगी नको. 'चार्जिंग बघतो' म्हणून चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची जुनी सवय काही ठिकाणी अजून आहे. त्या क्षणी व्होल्टेज उसळून डायोड आणि इतर इलेक्ट्रॉनिक भाग जाऊ शकतात. तसं कुणाला करू देऊ नका.

उजेड आणि कान

हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो. १३.५ व्होल्टवरून १२ वर आलो, तर विभवांतर साधारण ११ टक्क्यांनी कमी होतं, पण उजेड सुमारे एकतृतीयांशाने घटतो. ज्या ट्रॅक्टरच्या मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या आहेत, त्याला पुढचं नीट दिसणं आणि त्याचे मागचे दिवे इतरांना दिसणं, हे कुठल्याही गाण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. टेपच्या ठोक्याला दिवे लुकलुकत असतील तर त्याच रात्री आवाज कमी करा, दुरुस्ती सकाळी करता येईल.

दुसरी गोष्ट कानाची. ८५ डेसिबल आवाजात आठ तासांच्या पुढे राहणं कानाला घातक मानलं जातं, आणि दर ३ डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. ड्रायव्हर रात्रभर बसतो तो बॉक्सच्या शेजारीच. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि मागून वाजलेला हॉर्नही ऐकू येत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा आणि दवाखान्यांभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. नववीचा 'ध्वनीचा अभ्यास' शिकवताना ही उदाहरणं घ्या.

वर्गात करून पाहा

ट्रॅक्टर शाळेत आणायची गरज नाही. १२ व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी, ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब, १० अँपिअरचा फ्यूज आणि मल्टिमीटर पुरे. बल्ब आधी २.५ चौरस मिमीच्या, मग ०.५ चौरस मिमीच्या वायरीने जोडा. दोन्ही वेळा जायला ५ आणि यायला ५ मीटर वायर ठेवा. बल्बच्या टोकांवरचं विभवांतर मोजा. बारीक वायरीत सव्वा-दीड व्होल्ट वाटेतच जातात आणि बल्ब डोळ्यांना मंद दिसतो. प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा, बल्बला हात लावू देऊ नका.

वहीत सोडवायला चार गणितं:

१. ॲम्पवर '१५०० वॅट' लिहिलं आहे आणि फ्यूज ४० अँपिअरचा आहे. १४ व्होल्टला तो जास्तीत जास्त किती वॅट ओढेल? (५६०)

२. ६० अँपिअर-तासांची बॅटरी, इंजिन बंद, टेप सरासरी १५ अँपिअर ओढतो. निम्मी बॅटरी किती वेळात संपेल? (२ तास)

३. वायरीचा रोध ०.०२ ओहम, धारा ४० अँपिअर. विभवांतरातली घट आणि उष्णता काढा. (०.८ व्होल्ट, ३२ वॅट)

४. २५० वॅटचा ॲम्प काढून १००० वॅटचा बसवला. आवाज किती डेसिबलने वाढेल? (६)

पालकांनी एक करावं. पोराने मोठा टेप मागितला, तर पैसे देण्याआधी त्याला एक कागद द्या. आपल्या गाडीचा अल्टरनेटर किती अँपिअरचा, दिव्यांना किती जातात, स्लोवर किती उरतात आणि तो ॲम्प किती ओढतो, एवढं त्याने स्वतः बघून लिहून आणायचं. वजाबाकी शून्याच्या खाली गेली, तर टेप लहान घ्यायचा की चार्जिंगवर खर्च करायचा, हे त्या कागदासमोर बसून दोघांनी मिळून ठरवा.